पन्नासावा प्रवासी

डहाणू, ता. १४ फेब्रुवारी १९५९. वेणूबाई रामू तांडेल, वय ४२, धंदा सुकी मासळी विकणे, राहणार सुरूपाडा हॉल्ट, पोलीस ठाण्यात समक्ष सांगते की,

काल सकाळी पाणी भरून, झाडलोट उरकून मी फलाटामागे बोंबील दोरीवर टांगत होते. तेव्हा आठच्या गाडीची माणसे मोजायला रेल्वेचे साहेब आले. पन्नास चढले नाहीत तर हॉल्ट बंद, अशी नोटीस होती. गावाला ती मीच वाचून दाखवली होती. वाचायला मी घरीच शिकले, पुडीच्या कागदांवर.

पूर्वी तिथे नुसते गवत होते. हॉल्ट झाल्यापासून चार वर्षांत चहाची टपरी, गिरणी, न्हावी, सतरा घरे झाली. फलाटाची माती टाकणाऱ्यांत माझे यजमान होते.

सगळे गाव नटून आले. कोणालाच कुठे जायचे नव्हते. तिकीट एजंट लक्ष्याने सगळ्यांना डहाणूच्या पुढच्या वाणगावची तिकिटे दिली. माणसे चढल्यावर साहेब म्हणाले, "एकोणपन्नास."

बाळ्या न्हावी म्हणाला, "साहेब, ठकीच्या पोटातला धरा की."

"त्याच्याकडे तिकीट नाही."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. माझी नणंद सुकी हिने डब्यातून हाक मारली, "वैनी, चढ ना गो!"

मी म्हटले, "बोंबलांना कावळे लागतील."

यजमान दोन वर्षांपूर्वी याच गाडीखाली गेले. कोणी पुन्हा हाक मारली नाही.

लक्ष्याने स्वतःच स्वतःला तिकीट दिले. तिकिटांची पेटी सोडून जाता येत नाही, म्हणून ती गळ्यात अडकवली आणि चढला. "घ्या साहेब, पन्नास!" साहेबांनी वहीत पन्नास लिहिले. मी पाहिले. गाडी सुटली.

साहेबांना चहा हवा होता. टपरीवाला गाडीत होता. त्यांनी विचारले, "एजंट कुठे?"

"वाणगावला."

"परत कधी?"

"गाडी येईल तेव्हा."

गाडी संध्याकाळी होती. साहेब ट्रॉलीने डहाणूला गेले आणि एजंट तिकिटे घेऊन पळाला, अशी तक्रार दिली. संध्याकाळी लक्ष्या पेटीसकट उतरला. पेटीला कुलूप होते. हवालदारांनी त्याला फलाटावरच धरले.

माझे म्हणणे असे की, पळणाऱ्याला कोणी प्रवाशांत मोजत नाही. लक्ष्या पळाला म्हणाल, तर चढलेले एकोणपन्नासच. साहेबांनी दोन्हींतले एक काय ते ठरवावे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मग मी स्वतःही वाचला. सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. आज सकाळी तिकीट द्यायला कोणी नव्हते. मी विनातिकीट त्याच आठच्या गाडीत बसून इथे आले, एवढे शेवटी लिहून घ्यावे.