डोकं सोडून हळद

हॅलो?… हॅलो, स्वप्नाली? बोल गो, बोल. फोन हातातच घेऊन बसलेय… थांब, थांब जरा. इथं बाया उखळात हळद कुटतायत, काय ऐकू येत नाय. मागल्या दारी जाते… हां. आता बोल. बघितलं का तुझ्या डॉक्टरीणबाईंनी आमच्या निकेशला?

व्हय?… रांगेत पण नाय बसवलं? हातातला चहा टाकून उठल्या? तुमचा पेणचा दवाखाना तर केवढा भरलेला असतो… तू सांगितलंस म्हणून गो. तू नर्स झालीस तवा तुझी आई रडत व्हती, पोरगी सुया टोचत फिरणार म्हणून. आज मावशीच्या कामाला तीच पोरगी आली बघ.

बरं, ते राहू दे. त्याच्या कपाळाला काय झालंय ते सांग. डोळे बघितलेस ना? भोपळ्यागत सुजलेत. काल कामावरनं आला तवा मला वाटलं, कुणीतरी मारलाय, नायतर पिऊन पडलाय. टोपी काढंना. शेवटी मीच ओढली, तर… आई गं! पुढं सगळे लाल लाल ठिपके. भाताची लावणी केल्यागत ओळीच्या ओळी.

काय?… केस बसवल्यावर सूज येतेच?… उतरते? आपसूक?… पिकलेलं नाय ना कुठं?… नक्की ना गो?…

नाय, रडत नाय… हां, रडतेय. रडू दे. देव भलं करो तुझं. आणि तुझ्या त्या बाईंचं पण. ज्यांनी केस बसवले ते पनवेलवाले फोन उचलत नायत, आणि ज्यांचा काय संबंध नाय त्या चहा टाकून बघायला उठल्या.

ओरडल्या का त्याला?… नाय? हसल्या पण नाय?… मी तर लय बोलले. अगो, मोबाईलवर जाहिरात बघितली आणि गेला! आम्हाला सांगितलं, कंपनीत डबल शिफ्ट हाय. लग्नाचे फोटो चांगले यायला पायजेत म्हणे. गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला पोरगा, आणि त्यानं त्या लोकांना लग्न कधी हाय तेवढंच सांगितलं नाय.

हो, हो… ऐकतेय. झोपताना डोकं उंच ठेवायचं. बरं… खाजवायचं नाय… गोळ्या वेळेवर… आणि बसवलेले केस आधी गळतील. काय? गळतील? अगो, मग बसवले कशाला?… मुळं आत राहतात. नवीन येणार त्यातनं. असं हाय व्हय. बरं बाय, तुम्हाला माहीत.

आणि?… डोक्याला तेल नाय… हळद नाय… अगो स्वप्नाली, काय बोलतेस काय? आज सांजेला हळद हाय त्याची!… थोडीशी पण नाय? नुसतं बोट टेकवलं तर?… लगेच धुतलं तर?… सगळं उपटून हातात येईल? नको, नको, पुढचं नको सांगू.

पण तुला माहीत हाय ना आपली हळद. पाच सवाशिणी आंब्याच्या पानानं लावतात, त्यांचं काय नाय. पण त्यांच्यामागनं आत्या, काक्या, वहिन्या… दोन दोन हातांनी डोक्यावर थापतात. शेजारची सीताबाई तर टपूनच बसलेय. तिच्या पोराला मी असा रंगवलेला की तो चार दिवस पिवळा फिरत व्हता. आता तिला कसं सांगू, माझ्या पोराच्या डोक्याला हात लावू नको म्हणून? लगेच इचारील, का गो?

नाय, इथल्या बायांची भीती नाय मला. म्हणजे हाय, पण… अगो, निकेशची उष्टी हळद घेऊन ह्याच बाया वरसे गावाला जाणार ना नवरीकडं! तिथं टेम्पोतनं उतरल्या उतरल्या सुरू व्हतील. नवऱ्याच्या डोक्याला कायतरी रोग हाय, लपवून ठेवलाय. ती माणसं भर मांडवात लग्नाला नाय बोलली तर? प्रतिक्षासारखी पोरगी परत नाय मिळायची, स्वप्नाली. त्याला पण नाय आणि मला पण नाय.

त्याच्या बापसाला? नाय सांगितलं अजून. तो बँडवाल्यांना घेऊन मांडवाला उंबराची फांदी आणायला गेलाय. नाचत गेलाय. त्याला काय सांगू?…

काय?… काय केलंस?… प्रतिक्षाला फोन लावलास? सकाळीच? कुणाला इचारून?… निकेश बोलला, लाव म्हणून?… सगळं सांगितलं? फोटो पण पाठवला?… अगो बाय माझे, काय केलंत दोघांनी! मोडलं ना? खरं सांग, मोडलं ना?…

लायनीवर?… कोण लायनीवर?… म्हणजे ती ऐकतेय? मगासपासनं?…

…हॅलो?… व्हय बाय, मीच. निकेशची आई. माफ कर गो आम्हाला. तुझ्यापासनं लपवायचं नव्हतं, आम्हालाच काल कळलं… हां… हां… बोल.

हसतेस काय?… टक्कल बघूनच हो बोललेलीस? मग हे त्याला सांगायचंस ना!… सांगितलेलंस?… त्याला वाटलं, मन राखायला बोलतेस. गाढव हाय… नाय, नाय, तू पण बोल गाढव. तुझा हक्क हाय आता.

पण तुझ्या घरचे? तुझी आजी तर रीतभातवाली… काय सांगितलंस तिला?… परत बोल, परत बोल…

…उष्टी हळद. व्हय… नवऱ्याला लागली की मग उरलेली नवरीला. व्हय, हीच रीत… त्याला जिथं लागली तिथंच तुला लावायची… त्याच्या डोक्याला नाय, तर तुझ्या पण डोक्याला नाय… असं बोललीस? सगळ्यांच्या समोर?… आणि आजी?… बोलली, पोरीला माझ्यापेक्षा जास्त रीत कळते!

अगो…

नाय, हाय मी. हाय. पायरीवर बसले जरा… अगो, नवरीचं डोकं कोरडं राहिलं तर तुला पण नावं ठेवतील बाया… ठेवू देत?… ऐक, ऐक ना. मला बोलू दे. उपकारच हायत हे. अजून उंबरठा नाय ओलांडलास आमचा, आणि आमची लाज तू अंगावर घेतलीस. कालपासनं देवाला हात जोडून सांगत व्हते, यातनं बाहेर काढ. मला काय माहीत, तू वरसेला बसून काढशील.

स्वप्नाली, हायस ना गो?… त्याला रिक्षानंच आण. बाईकवर नको. आणि बाईंना लग्नाला यायचं सांग. दवाखाना भरलेला असेल तर जेवायला तरी… मी बोलते त्यांच्याशी. मलाच बोलायचंय.

आले गो, आले!… नाय, तुम्हाला नाय. बाया हाका मारतायत. हळद कुटून झाली.

काय सांगू त्यांना?… व्हय. खरं तेच. पोरानं केस बसवून घेतलेत, डोकं सोडून हळद लावा, नवरीला पण तशीच लागणार हाय… हसतील. हसू देत. सीताबाईनं तोंड उघडलं तर सांगीन, आमच्या घरात असंच ठरलंय, आमच्या सुनेनं ठरवलंय.

बरं, उद्या लवकर ये हां, ऊन व्हायच्या आत… अगो हो, तुला न्यायला आम्हीच वरसेला येणार ना! काय बोलतेय मी… ठेवते. ठेवते, सूनबाई.