वाजत न्हाय तर हॉर्न कसला?

...नाही, तुम्ही मला आधी हे सांगा, हॉर्न रेकला तर शिव्या कॉम्प्युटरला का? आणि कॉम्प्युटरपुढे बसलेल्या बाईला का? तुम्हाला सांगतो, आमच्या नूरबानूचं डोकं फिरलं ते काही उगाच नाही!

हडपसरला स्कूटरचे हॉर्न बनवायचा कारखाना. मालक आप्पासाहेब, कारखाना त्यांच्याच उसाच्या रानात उभा. नूरबानू तिथली एकुलती एक इंजिनियर. आणि माल खरेदीला कोण? जयसिंग. मालकाचा सख्खा मेव्हणा! आता इथेच माणसाने ओळखावं की नाही? पण नाही, बाईसाहेब बसल्या सर्किटचं सॉफ्टवेअर उघडून. हॉर्नमध्ये पत्र्याची एक चकती थरथरते, तिच्यामुळे आवाज. तर म्हणे चकतीच्या वजनाच्या जागी कॉइल टाकायची, लवचिकपणाच्या जागी कपॅसिटर, पुढची हवा ढकलायला जोर लागतो त्याच्या जागी रेझिस्टर, आणि मग स्क्रीनवरच बघायचं की हॉर्न कुठल्या सुरात वाजेल! पत्रा कापायच्या आधी! आहे की नाही अक्कल? पण आप्पासाहेब मागे येऊन उभे...

"ह्यात हॉर्न कुठाय?"

"सर, हाच हॉर्न आहे."

"मग वाजव की!"

"सर, हा वाजत नाही, आलेख काढतो."

"वाजत न्हाय तर हॉर्न कसला?"

झालं! कँटीनमध्ये तेच, गेटवरचा वॉचमन तेच, जयसिंग तर तिला जिन्यात गाठून, "काय मॅडम, वाजत न्हाय तर हॉर्न कसला?" घरी आली तर अम्मी, अमिनाबी, भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेते आणि शांतपणे म्हणते, "पण बेटा, वाजत नाही तर हॉर्न कसला गं?" सांगा, कुणाच्या गळ्यात पडून रडायचं!

तरी पठ्ठीने आकडे जमवले. खणखणीत "पॉंऽ" यावा अशी चकती ठरवली, जाडी लिहून जयसिंगच्या हातात दिली. हॉर्न तयार झाले. स्कूटर कंपनीचे साहेब आले, चहा झाला, बिस्किटं झाली, आप्पासाहेबांनी स्वतः बटण दाबलं, आणि...

"भ्रॅंऽऽऽ!"

म्हैस! अहो, एका साहेबाने खरोखर मागे वळून बघितलं!

आप्पासाहेब लालबुंद. "ह्या बाईच्या सर्किटनं घात केला!" लगेच जयसिंग, "मी म्हणतच हुतो दाजी, वीज येगळी, आवाज येगळा!" सगळे नूरबानूकडे बघतायत. नोकरी गेल्यातच जमा! तिने काय करावं? लॅपटॉप उघडला. तिथेच, पाहुण्यांसमोर. चकतीचं वजन कमी केलं, लवचिकपणा वाढवला... आलेखाचं शिखर, म्हणजे हॉर्नचा सूर, घसरत घसरत बरोब्बर म्हशीच्या सुरावर येऊन थांबलं.

"सर, ही माझी चकती नाही. ही पातळ आहे."

हॉर्न खोलला. मायक्रोमीटर लावला. पातळ!

आता जयसिंग काय म्हणावा? "उन्हानं झाली असंल!"

उन्हानं! पत्रा काय आईस्क्रीम आहे? चकत्या आल्या होत्या लोणी काळभोरहून, जयसिंगच्याच दोस्ताच्या वर्कशॉपमधून, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक. पाहुणे एकमेकांकडे बघून हसले आणि गाडीत बसून गेले. नूरबानूला वाटलं, आता निकाल लागणार. आप्पासाहेब मात्र स्क्रीनपुढून हलेनात.

"म्हंजे हे खरं बोलतंय?"

"हो सर."

"मग झ्याक! ह्याच पातळ चकतीवर गोड आवाज काढ. मेव्हणा बदलता येत न्हाय, बाई, आकडे बदल!"

राजीनामा दिला हो तिने! टेबलावर आपटला! थेट पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत लागली. तिथे चकाचक ऑफिस, एसी, प्रत्येकाला सॉफ्टवेअर. पहिल्याच दिवशी तिने हळूच विचारलं, "खरेदी कोण बघतं?"

"मालकीणबाईंचे भाऊ."

नूरबानूने खुर्ची ओढली, आणि बसली.