उंदरांना आधी पाजलेले तेल

भैयाजी : पार्वताबाई, ती वाटी खाली ठेवा. तुमच्या धाकट्या डोमाला आता आणखी तेल पाजू नका.

पार्वताबाई : काहून? शाळेतल्या सभेत तुमीच सांगतलं ना, भैयाजी? नागपूरच्या कॉलेजात तुमी उंदरायले जवसाचं तेल पाजलं, मंग जहर देल्लं, तरी त्यायचे गुर्दे शाबूत राहिले.

भैयाजी : सांगितले. पण आधी तेल, नंतर विष. ज्या उंदरांना विषानंतर तेल दिले, ते वाचले नाहीत.

देवाजी : माय, लहान्याले कालपासून लघवी नाई. तोंड सुजलं. एसटी येऊन राहिली फाट्यावर. भंडाऱ्याले नेतो मी त्याले.

पार्वताबाई : तू चूप राह्य. जहर कायचं? भातच त खाल्ला पोरानं. थोडाच होता, म्हून त्यालेच वाढला.

भैयाजी : कोणता भात? पेरून उरलेल्या, लाल औषध लावलेल्या बियाण्याचा ना?

पार्वताबाई : बोडीच्या तळ्यात घासून घासून धुतला जी. लाली सारी गेली, मंगच कांडला. उरलेलं बी दरसाली खातोच आमी.

भैयाजी : दरसाली त्याला औषध नसे. यंदाचे औषध पाऱ्याचे आहे. रंग धुतला जातो, पारा दाण्यात राहतो. तोच त्याची मूत्रपिंडे निकामी करतो आहे.

देवाजी : ऐकलं?

पार्वताबाई : मंग मले एक सांगा, भैयाजी. या घरात भाजीले जवसाचंच तेल. डोमा त्याच्यावरच वाढला. म्हंजे त्याले आधीच पाजलेलं झालं का नाई?

(भैयाजी वाकून डोमाचे सुजलेले तोंड पाहतात.)

देवाजी : बोला ना जी! गाडी सुटन.

भैयाजी : उंदरांचे झाले ते माणसाचे होईलच, असे मला म्हणता येत नाही. पण तुमचे खरे धरले, तर त्या तेलाने डोमाला थोडा वेळ मिळवून दिला असेल. तो वेळ या खाटेवर घालवायचा?

पार्वताबाई : वाचन का तो?

भैयाजी : ठाऊक नाही. इथे राहिला तर मात्र वाचणार नाही.

पार्वताबाई : ...देवा, उचल त्याले. हळू. मान धर.

भैयाजी : आणि त्यातला थोडा भात पानात बांधून द्या. डॉक्टरांना दाखवावा लागेल.

पार्वताबाई : आता कुठचा देऊ जी? सकाळी त्यानं तोंड फिरवलं. मले टाकवला नाई. मीच खाल्ला.