दोनच किलो राहिलेत

— त्या खुर्चीवर नको म्हणतेय ना, ती माझी व्यायामाची खुर्ची आहे, पलंगावर बस. आणि पिशवीतून तो वजनाचा काटा बाहेर काढूच नकोस! नणंदेच्या घरी कुणी काटा घेऊन येतं का? परवा फोनवर सांगितलं ना — दोन किलो राहिलेत. डॉक्टर काय म्हणाले होते? ऐंशीचे सत्तर करा, मगच तुमची किडनी काढता येईल. म्हटलं, करते. माझ्या भावासाठी करते, तुझ्या नवऱ्यासाठी नव्हे, हे एकदा नीट ऐकून ठेव. तुझी जुळली नाही, आईला साखर, उरलं कोण? मीच. लग्नात जिला बघून तुझ्या बहिणी खिदळल्या होत्या, ती जाडी नणंद. आता बरी दर आठवड्याला तिची आठवण येते!

काय? जिम? आलीस का पुन्हा तिथंच — ‘ताई, घरात काही होत नाही, जिम लावा.’ तू जातेस ना वर्षभर, त्या पट्ट्यावर चालत मोबाइल बघतेस, काय हललं तुझं? जीभ तेवढी. मी आठ तास शिलाई मशीनवर बूड टेकून बसणारी बाई, मला कोण नेतंय जिमला? ही खुर्ची — हाताचा आधार न घेता उठायचं, बसायचं. पहिल्या दिवशी चार झाल्या, पाचवीला खालीच बसले आणि रडले. आता साठ काढते. ही भिंत — हात टेकून अंग ढकलायचं. महिन्याने भिंत सोडली, ओटा धरला, आता सरळ जमिनीवर दहा मारते, गुडघे न टेकता. या दोन बाटल्यांत वाळू भरलीय, त्या उचलते. सकाळी जिन्याची एकच पायरी — चढ, उतर, चढ, उतर — रेडिओवरच्या बातम्या संपेपर्यंत. शेजारीण विचारते, किल्ली विसरलात का? म्हटलं, तुम्ही तुमचं दार लावा. ताप होता तेव्हाही सोडलं नाही. आणि म्हणे घरात काही होत नाही! विचार तुझ्या जिममधल्या त्या दंडवाल्याला, पाच महिन्यांत बारा किलो उतरवलेत का कुणी — बारा!

...अशी काय बघतेस?

दहा म्हणायचं होतं मला. म्हणजे आठ. आठच. बोटांवर काय मोजतेस, माझ्याच घरात बसून — अगं, हो! हो, झाले सत्तर. आता तर अडुसष्ट. सत्तर होऊन तीन आठवडे झाले. काट्यावर सत्तर दिसले — तशीच उतरले, काटा पलंगाखाली ढकलला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा साठ उठबशा काढल्या. का काढल्या? मला काय ठाऊक! तीन जिने चढते मी आता, धाप लागत नाही. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा हे अंग माझं वाटायला लागलंय, आणि आता तेच टेबलावर ठेवून कापायचं... घाबरलेय मी, कळलं? तू घाबरली असतीस का, ते कधी कळायचंच नाही. तुझी जुळली नाही ना. सुटलीस.

रडू नकोस. इथे रडायचं नाही. तो कुठाय? खाली? गाडीत बसवून आलीस? मग वर का नाही — हं. तीन जिने. लहानपणी हाच वर पळत जायचा आणि शेवटच्या पायरीवरून ओरडायचा, ये ना ताई, ये ना. मी कठड्याला धरून खालीच.

जा, त्याला उन्हात बसवून ठेवू नकोस. सांग, ताई म्हणाली, दोन किलो राहिलेत. दोनच. — सांगशील ना? — अशी उभी राहू नकोस, जा! आणि दार ओढून घे. माझ्या उठबशा राहिल्यात.