चांदी खाल्लेले उंदीर

आमच्या बाबल्याचंच ऐका. माझ्या लेकीचा मुलगा, मुंबईच्या प्रयोगशाळेत उंदरांना चांदीची धुळीहून बारीक पूड पाण्यातून पाजायचा. एकदा कुणकेश्वरला आला तो तोंड पाडूनच. म्हणाला, "आजये, काही उंदरांच्या किडनीत चांदी दुप्पट निघते, काहींच्यात नाही. मेळच बसेना. सर म्हणतात, वर्षाचं काम फेकून दे."

मी बाजारासाठी कुर्ल्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, नांग्या बांधत होते. विचारलं, "उलटे करून बघलंस?"

"कशाला?"

"अरे, कुर्ली घेणारी बाई पण आधी ती उलटी करून नर की मादी बघता, मगे भाव करता. तुमी सगळे उंदीर एकाच टोपलीत घातलास?"

"सर म्हणाले, नर काय, मादी काय, फरक पडत नाही."

"तुझ्या सरांचो संसार कसो चालता रे?"

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. "आजये, काम वाचलं! जास्तीची चांदी सगळी माद्यांच्याच किडनीत!"

म्हटलं, "बरां झाला. बायलमाणसांका जल्मात अंगावर घालूक चांदी मिळाक नाय, ती ह्यांका पोटात तरी मिळाली!"