बोगुशचे चार भाऊ

फादर यूलियन : म्हणजे दोघं तळघरात.

स्तेफाबाई : दोघं तळघरात, बिटांच्या पोत्यामागे. एक भाचीकडे दिला होता, तो तिकडेच गेला. चौथ्याचं मला विचारू नका. चौथा मला कधीच आवडला नाही.

बोगुश : आई, तू जरा गप्प बस गं. फादर, तुम्हाला वाटतंय तसं काही नाही.

फादर यूलियन : मला काहीच वाटत नाहीये, बोगुशराव. मी फक्त वाचतोय. येत्या रविवारी तुमच्या मामेबहिणीच्या मुलीचा, रोझालियाचा बाप्तिस्मा. तुम्हाला तिचा धर्मपिता व्हायचंय, त्यासाठी पॅरिशचा, म्हणजे या चर्चचा, दाखला हवाय. बरोबर?

बोगुश : बरोबर.

फादर यूलियन : म्हणून मी तुमच्या कुटुंबाचं कार्ड काढलं. इथले आधीचे, दिवंगत फादर अन्झेल्म यांच्या हातचं. आई स्तेफानिया, कपड्यांच्या कारखान्यात. वडील शिकागोला. मुलगा बोगुस्वाव. आणि त्याचे चार भाऊ. काझिमिएश, लाँगिन, एउस्ताही, पांक्राती. चौघांपैकी एकाचाही बाप्तिस्मा नाही. पहिलं कम्युनियन नाही. आणि तुमच्या मातोश्री म्हणतात, तळघरात.

बोगुश : अहो, ती माणसं नाहीत! टीव्हीला जोडून खेळायची यंत्रं आहेत. व्हिडिओ गेम. एक जुनं झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. सगळी पोरं खेळायची.

फादर यूलियन : सगळ्या पोरांच्या यंत्रांना संतांची नावं होती?

बोगुश : नाही. ती मी ठेवली. यंत्र घरी आलं की डोळे मिटून कॅलेंडर उघडायचं, ज्या संताचं पान निघेल त्याचं नाव.

स्तेफाबाई : तरी बरं, उर्सुलाबाईंचं पान एकदाही निघालं नाही.

फादर यूलियन : मग हे काय आहे? 'जानेवारी १९९४. काझिमिएश. अंगानं लहान, वर्ण पिवळट. छाती भरलेली असते. भाऊ तोंडात फुंकर घालतो तेव्हा बोलू लागतो. आजाऱ्यांसाठीची प्रार्थना म्हटली.'

बोगुश : खेळाची डबी यंत्रात घालायची, त्या कार्ट्रिजमध्ये धूळ बसायची. काढायचं, फुंकायचं, परत घालायचं.

स्तेफाबाई : आणि प्रार्थनेनंतर महिनाभर एकदाही अडकला नाही. खरं ते सांगावं.

फादर यूलियन : 'जानेवारी १९९८. काझिमिएश आता मामाच्या घरी राहतो. लाँगिन आला आहे. वर्ण राखाडी. नेहमी पालथा झोपवावा लागतो, उताणा असला तर त्याला काही आठवत नाही.'

बोगुश : उलटं ठेवलं की डिस्क वाचायचं. तो सगळ्या गल्लीला माहीत असलेला इलाज होता.

फादर यूलियन : 'त्याच्या स्मरणशक्तीसाठी संत अंतोनीकडे विनवणी केली.' अहो, कोणी केली? एका ज्येष्ठ धर्मगुरूंनी? यंत्रासाठी?

स्तेफाबाई : केली, आणि सुरात केली. तुमच्यासारखी फोनवर बघून नव्हे. रागावू नका हं लेकरा, पण थोरल्या फादरांचं प्रवचन म्हणजे अर्धं गाणं असायचं. नोहाच्या गोष्टीत पुराचं पाणी चढायला लागलं की त्यांचा सूर चढायचा, आणि मागच्या बाकावरचे दारुडेसुद्धा उठून पालुपद धरायचे. आम्ही पाय ओले झाल्यासारखे घरी यायचो. तुमचं प्रवचन ऐकलं की मला किराण्याची यादी आठवते.

फादर यूलियन : माझ्या प्रवचनाचा विषय इथं नाहीये, स्तेफाबाई.

स्तेफाबाई : तेच तर. विषयच नसतो.

बोगुश : आई! फादर, दाखला द्या ना. एक कागद तर आहे.

फादर यूलियन : देता आला असता तर दिला असता. आपल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्यांनी उन्हाळ्यात सगळी कार्डं संगणकात चढवली. शिकागोचे वडील सोडून तुमच्या घरात तो सहा माणसं दाखवतो. चार जणांचा पत्ता लागत नाही तोवर तो तुमच्या दाखल्याचं बटणच उघडत नाही. बघा, करडं पडलंय.

बोगुश : मग पुसून टाका चौघांना.

फादर यूलियन : माणूस असा पुसता येत नाही. कारण निवडावं लागतं. मृत्यू, स्थलांतर किंवा धर्मत्याग.

स्तेफाबाई : घ्या, मी सांगते. काझिमिएश, स्थलांतर. बेआताकडे गेला. ती आता रोझालियाची आई आहे, तेव्हा अकरा वर्षांची होती. तिनं त्याच्यावर सरबत सांडलं.

फादर यूलियन : स्थलांतर केलेला माणूस दुसऱ्या ठिकाणी वारला तर तिथली नोंद लागेल.

स्तेफाबाई : अहो, बेआता याच पॅरिशची. दोन गल्ल्या पलीकडे.

फादर यूलियन : मग मृत्यू. कारण?

बोगुश : सरबत.

फादर यूलियन : ...लिहितो. लाँगिन?

बोगुश : मृत्यू. शेवटी शेवटी पालथा घालूनही काही आठवेना.

फादर यूलियन : एउस्ताही. 'काळा, उभ्यानेच राहतो, अंगावर बारीक निळा दिवा. मान ताठ. नम्रतेसाठी प्रार्थना.'

स्तेफाबाई : त्याच्यावर मी पण खेळायचे. शेतीचा खेळ होता एक. कोबी लावायचा, पाणी घालायचं. कारखाना बंद पडला त्या वर्षी मी त्यात दीड एकर काढलं.

बोगुश : तू माझा सगळा खेळ पुसून शेती केलीस.

स्तेफाबाई : कोबी कुणी खाल्ला मग? बसून बसून माझी कंबर गेली, आणि हा म्हणतो खेळ पुसला! त्याच्यासाठीही मृत्यूच लिहा, फादर. चांगला गेला बिचारा. संध्याकाळी बंद केला, सकाळी उठला नाही.

फादर यूलियन : आणि पांक्राती. 'अंगात सतत ताप. टॉवेलात गुंडाळतात. अनोळखी लोकांशी परक्या भाषेत बोलतो, बहुतेक अपशब्द.'

स्तेफाबाई : बघा! सांगितलं नव्हतं मी? इंटरनेटवरून खेळणारं स्वीडनमधलं कुणाचं तरी पोर माझ्या आयुष्याचं वाटोळं करत होतं, माझ्याच बैठकीच्या खोलीत, आणि मी त्याला केक देऊ शकत नव्हते. धर्मत्याग लिहा. बिनदिक्कत लिहा.

फादर यूलियन : लिहिलं. ...बटण उघडलं.

बोगुश : देवाची कृपा! छापा मग.

फादर यूलियन : नाही.

बोगुश : आता काय राहिलं?

फादर यूलियन : संगणकाचं समाधान झालं, माझं नाही. तुम्ही एका धर्मगुरूशी खोटं बोललात. एकदा नाही, सलग अठरा वर्षं, दर जानेवारीत. ते तुमच्या घराला आशीर्वाद द्यायला यायचे, टेबलावर पांढरं कापड, क्रूस, मेणबत्त्या, आणि तुम्ही शेजारी उभं राहून भावांची यादी सांगायचात. आता तेच तोंड घेऊन तुम्ही वेदीपुढे त्या लेकराच्या वतीनं वचन देणार. आणि मी खाली सही करायची. कोणत्या जोरावर? मी तुम्हाला ओळखत नाही. चर्चमध्ये पाहिलेलं नाही.

स्तेफाबाई : रविवारी तो खेळत असतो.

बोगुश : आई, खूप मदत होतेय तुझी.

फादर यूलियन : का केलंत, एवढंच सांगा.

बोगुश : ...चित्रासाठी. फादर घरी आले की प्रत्येक मुलाला संताचं एक चित्र द्यायचे. माणशी एक. आई स्वयंपाकघरात चहा करत होती. मी म्हटलं, भावासाठी पण एक द्या. कुठाय भाऊ? मी टीव्हीकडे बोट दाखवलं. सात वर्षांचा होतो हो. वाटलं, चित्र चिकटवलं की तो बिघडणार नाही.

फादर यूलियन : तो सातव्या वर्षीचा अपराध. चोविसाव्या वर्षीचं काय?

बोगुश : पुढच्या जानेवारीत ते आले. बुटांवरचा बर्फ झटकायच्या आधीच दारातून विचारलं, 'काझिमिएश कसा आहे रे?' आता काय सांगणार? वर्षभरात मला असलं काही कुणी विचारलंच नव्हतं. बाबांचा फोन नाताळला यायचा, तेही आईशीच बोलायचे.

स्तेफाबाई : मी विचारत नव्हते?

बोगुश : तू विचारायचीस, जेवलास का.

स्तेफाबाई : अरे, तोच मोठा प्रश्न असतो.

बोगुश : हो गं. पण त्याचं उत्तर एका शब्दात संपायचं. फादर मात्र कोट न काढता अर्धा तास बसायचे. कुठवर पोचलात, राक्षस मेला का, कुणाची चूक झाली. मोठा झालो तरी त्यांना सांगवेना. त्यांना वाईट वाटलं असतं. मीही एक यंत्र गेलं की दुसरं आणायचो. डिसेंबरातच. त्यांच्यासमोर रिकाम्या हातानं कसं जायचं?

स्तेफाबाई : म्हणून होय डिसेंबर! आणि मी समजत होते नाताळची सूट.

फादर यूलियन : त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही?

बोगुश : नाही. ते गेले आणि ते प्रकरणही गेलं.

(फादर यूलियन कार्ड उलटतात. बराच वेळ पाठीमागचं बारीक अक्षर वाचत राहतात.)

स्तेफाबाई : काय हो? अजून एक भाऊ निघाला की काय?

फादर यूलियन : ऐका. 'माझ्या मागून येणाऱ्यासाठी. वरच्या चौघांना घाबरू नये. पहिल्याच वर्षी पवित्र पाणी शिंपडायला गेलो तेव्हा काझिमिएशची भिंतीत गेलेली वायर दिसली, म्हणून त्याच्यावर शिंपडलं नाही. पण मुलानं दोन चित्रं मागितली. एक नवं होतं, एकाचा कोपरा फाटला होता. नवं त्यानं भावाला लावलं. या घरात भाऊ नाही असं लिहिण्याचं धैर्य मला झालं नाही. दर वर्षी चौकशी करावी. उत्तर लांबलचक असतं. घाई असेल तर हे घर शेवटी ठेवावं.'

स्तेफाबाई : आणि आम्ही म्हणायचो, म्हातारा येतो तेव्हा केक संपेपर्यंत उठत नाही.

फादर यूलियन : त्यांच्यानंतर, माझ्या आधी आलेल्या फादरांनी हे वाचलं नसावं.

बोगुश : ते आले होते. दारातच विचारलं, घरात किती माणसं. आई म्हणाली, दोन. त्यांनी दोन लिहिलं आणि गेले. त्यानंतर मी दार उघडलं नाही.

फादर यूलियन : आणि सध्या? आहे कुणी?

बोगुश : पाचवा आहे. पांढरा. उंच, खांदे वर केल्यासारखा.

फादर यूलियन : नाव?

बोगुश : ठेवलंच नाही. विचारणारं कोण होतं?

फादर यूलियन : हं. ...इथं सही करा. नाही, खाली. आईचं नाव वर.

स्तेफाबाई : म्हणजे झालं? धर्मपिता झाला माझा बोगुश?

फादर यूलियन : रविवारी होईल. बाप्तिस्मा दहाला आहे. पण तुम्ही नऊलाच या, बोगुशराव.

बोगुश : नऊला? आणखी काही कागद?

फादर यूलियन : कागद नाही. या गावात आल्यापासून मी सतरा अंत्यविधी केलेत. बाळ हे पहिलंच. कसं धरायचं ते आधी दोघं मिळून बघू.