नेत्रसुखद

सौंदर्य मोजता येत नाही, असं थोर लोक सांगतात. नाणी तपासणाऱ्या कार्यालयात मात्र ते तीन नंबरच्या खिडकीवर मोजत आणि जुन्या चांदीवर चढलेला रंग पसंत पडला, तर नाण्याच्या डबीवर ‘नेत्रसुखद’ असं लेबल चिकटवून देत. आपलं नाणं घेऊन आलेल्या घड्याळजींच्या पुढे रांगेत काळा चष्मा लावलेले म्हातारबुवा आणि त्यांची मुलगी उभी होती.

“अगं, रंग आहे ना जागेवर?”

“आहे, बाबा.”

“काठाला निळा, मग जांभळा, मध्ये मधासारखा?”

“तस्साच.”

“एवढं लेबल मिळालं की मी डोळे मिटायला मोकळा. मिटलेलेच आहेत म्हणा!”

“बाबा, घरी जाऊ या का?”

“वेडी आहेस का? तू रोज खिडकीत उन्हात धरून सांगायचीस, म्हणून तर मला दिसत राहिलं. अहो मागचे, जरा तुम्ही सांगा. हिला शब्द कमी पडतात.”

घड्याळजींनी मान पुढे काढली. उन्हाने तडकलेल्या डबीत नाणं तव्याच्या बुडासारखं काळं झालं होतं.

“निळा आहे,” ते म्हणाले. “काठाला. सुरेख.”

“बघ!”

तेवढ्यात म्हातारबुवांचा नंबर आला. खिडकीवाल्याने डबी हातात घेतली.

“आजोबा, हे पार काळं पडलंय.”

“काळं? कधीपासून गं?”

“दोन वर्षं झाली, बाबा.”

“मग रोज सांगायचीस ते?”

“ते मला पाठ झालं होतं.”

खिडकीवाल्याने डबी परत सरकवली. काळ्या नाण्यासाठी त्यांच्याकडे लेबल नव्हतं.